‘आली नाही’ या नोंदीविषयी

संगमनेरला बसस्थानकामागच्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना आहे. दवाखान्याला एक खिडकी आहे, दोन फूट रुंद, खाली लाकडी फळी. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी अकरा वर्षं बसलो. त्याआधी बावीस वर्षं एका दैनिकात काढली. आधी तालुक्याचा वार्ताहर, मग नगरच्या कार्यालयात उपसंपादक. ते कार्यालय बंद झालं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. डॉक्टर ओळखीचे होते. त्यांना खिडकीत अक्षर चांगलं असलेला आणि न चिडणारा माणूस हवा होता. मी चिडत नसे. हेवा करत असे. पण नोकरी देताना ते कोणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. तेव्हा माझी जागा घेणारं कोणी समोर नव्हतं.

बाहेरून पाहणाऱ्याला नंबर लावणं म्हणजे नाव लिहायचं आणि हाक मारायची, एवढंच वाटतं. प्रत्यक्षात सकाळी साडेआठला खिडकी उघडते तेव्हा पायरीवर तीसेक माणसं असतात. त्यातली काही तापाने फणफणलेली, काही नुसती रक्तदाब मोजायला आलेली, आणि दोन-तीन जण ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय, एकच मिनिट’ म्हणणारी. एक मिनिटवाल्यांना आत सरासरी अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. डॉक्टर सकाळपासून दुपारपर्यंतच्या पाळीत साधारण पस्तीस जणांना तपासतात. छत्तिसाव्याला संध्याकाळी यायला सांगायचं, आणि तो चाळीस किलोमीटरवरून आला असेल तर त्याच्या तोंडाकडे बघत सांगायचं, हे त्या खिडकीतलं खरं काम.

माझा नियम एकच होता. जो आधी आला तो आधी. साखर कारखान्याच्या एका संचालकांचा भाचा एकदा अंगठा कापून आला. रक्त थांबलेलं होतं, जखम वरवरची होती. तो म्हणाला, “मामांचा फोन येईल आता.”

“येऊ द्या,” मी म्हणालो, “फोन आला तरी तुमचा नंबर चौदाच राहील.”

फोन आला. नंबर चौदाच राहिला. डॉक्टरांनी ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना सांगितली. “आमच्या कुलथ्यांकडे वशिला चालत नाही,” असं ते म्हणत तेव्हा मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत असे. लिहिण्यासारखं काही नसायचं.

पहाटेच येणारे लोक पायरीवर दगड ठेवून चहाला जात. दगडावर खडूने नाव. एका सकाळी कोपरगावकडचे एक बागायतदार आणि इथले एक निवृत्त गुरुजी यांची जुंपली.

“गुरुजी, हा माझा दगड न्हाई. माझा चपटा हुता. ह्यो गोल हाय.”

“नाव तुमचंच आहे ना वर?”

“नाव माझंय, दगड तुमचाय! माझ्या पुढल्या दगडावर तुमी तुमचं नाव घातलं आन् तुमच्या मागल्यावर माझं.”

“पस्तीस वर्षं खडू हातात धरला मी. माझं अक्षर असं असतं का?”

मी बाहेर जाऊन दोन्ही दगड उचलले आणि गटारात टाकले. नंबर माणसाला मिळतो, दगडाला नाही, असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर पिशव्या दिसू लागल्या.

आणखी एक. आमच्या वहीत तीन नंबर नव्हता. ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ म्हणून तो कोणीच घेईना. शिकलेलेही ‘मी मागं बसतो, त्यांना द्या’ म्हणत. मी वादात पडलो नाही. एक, दोन, दोन अ, चार. डॉक्टरांच्या हे सहा महिन्यांनी लक्षात आलं. ते हसले, मग म्हणाले, “राहू द्या. दोन अ लवकर बरे होतात.”

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. बहुतेक ठिकाणी तिथे नुसती बरोबरची खूण. बाकी दोन शेरे. ज्याने फोनवर नंबर लावला किंवा ज्याला डॉक्टरांनी बोलावलं, पण जो फिरकलाच नाही, त्याच्यापुढे ‘आला नाही’. जो आला, नंबर घेतला, पण कंटाळून किंवा अडचण म्हणून न तपासता निघून गेला, त्याच्यापुढे ‘थांबून गेला’. हा दुसरा शेरा मी सुरू केला. बातमीदाराला या दोन गोष्टींतला फरक कळायलाच हवा. ‘थांबून गेला’ असेल त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन जाई, कारण चूक आमच्याकडची असू शकते. ‘आला नाही’ असेल त्याला फोन जात नसे. ही पद्धत डॉक्टरांना आवडली होती. ती माझी होती हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

नऊ वर्षं असं चाललं. मग फोन इतके वाढले की मला हाका मारणं आणि फोन घेणं दोन्ही जमेना. डॉक्टरांनी नसीमला ठेवलं.

नसीम राजूरची. बीए झालेली, तेव्हा तेवीस वर्षांची. इथे मावशीकडे राहायची. तिच्या वडिलांची राजूर-अकोले-संगमनेर अशी वडापची जीप होती. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, “काका, मी काय करायचं?” मी म्हणालो, “नाव, वय, गाव, तक्रार. चार गोष्टी विचारायच्या. पाचवी नाही.”

ती पाचवी विचारू लागली.

“मावशी, परत कशानं जाणार?”

मी शेजारीच बसलेला असायचो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. फोनवर विचारायची, खिडकीतून विचारायची. उत्तर आलं की नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण करायची. ‘रा ३’ म्हणजे राजूरची तीनची जीप. ‘को’ म्हणजे कोपरगाव एसटी, ती दर तासाला. ‘घ’ म्हणजे घरची मोटारसायकल. ‘चा’ म्हणजे चालत, इथलाच. मग हाक मारताना ती नंबर थोडे मागेपुढे करायची. चालत जाणाऱ्याला म्हणायची, “दादा, तुम्हाला काय घाई? त्या आजींची गाडी जाईल, आजींना जाऊ द्या की आत.” आणि माणूस सरकून बसायचा. संचालकाच्या भाच्याला मी चौदाव्या नंबरावर धरून ठेवलं होतं, ते नियमाच्या जोरावर. ही पोरगी नियम मोडत होती आणि कोणी भांडत नव्हतं.

बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं लागतात, हे मी स्वतः नवख्या वार्ताहरांना शिकवलं होतं. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. खिडकीत बसून मी सहावा प्रश्न नऊ वर्षं विचारला नव्हता. तिने तो पहिल्या आठवड्यात विचारला, तोही कोणी न शिकवता. जीपवाल्याच्या घरात जन्मल्यामुळे तिला ते सुचलं, असं मी स्वतःला समजावलं. त्याने फारसं भागलं नाही.

संध्याकाळी वही बंद करताना मी तिच्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसत असे. वही स्वच्छ राहावी म्हणून, असं मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नव्या खुणा करायची.

लोक तिच्यासाठी वस्तू आणत. याची मी एका महिन्यापुरती मनात नोंद ठेवली आणि ती अजून पाठ आहे. आंबेमोहोर तांदूळ, दोनदा. करवंदं, पळसाच्या पानात. एक गावठी कोंबडी, जिवंत, जी तिने परत पाठवली. हिरड्याची पुडी. भोपळा. एका म्हातारीने स्वतः शिवलेली गोधडी. मला नऊ वर्षांत लग्नपत्रिका मिळाल्या होत्या. त्याही दवाखान्याच्या नावाने.

मी डॉक्टरांकडे तक्रार केली. “ती एका फोनला चार मिनिटं घेते. मी एका मिनिटात संपवतो.”

डॉक्टर म्हणाले, “अहो कुलथे, निम्मे लोक तिच्या फोनवरच बरे होतात. माझं काम कमी होतं.”

विनोद होता. मी घरी जाऊन बायकोला सांगितला. ती हसली. मग मी जेवलो नाही.

एकदा मी स्वतः तो प्रश्न विचारून पाहिला. नसीम आत डॉक्टरांना रिपोर्ट द्यायला गेली होती. खिडकीशी अकोल्याकडचा एक मध्यमवयीन गृहस्थ उभा होता. मी विचारलं, “परत कशाने जाणार?”

त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “का? सोडाया येता व्हय?”

मागचे चार जण हसले. मी पुन्हा विचारलं नाही.

हळूहळू डॉक्टरही तिच्या खुणा वाचू लागले. आतून आवाज यायचा, “नसीम, बाहेर कोणाची गाडी आहे?” पूर्वी यायचा, “कुलथे, किती राहिले?” आवाज तोच, भिंत तीच. मी तो फरक रोज मोजत असे.

हौसाबाई याच काळात येऊ लागल्या. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. वय पंचावन्नच्या आसपास, साखरेचा आजार जुना. भातशेती करणारं घर. मुलगा कामाला बाहेरगावी असे, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरी सासू, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी दिसत नसलेली. म्हातारी चुलीशी जायची, म्हणून तिला एकटं ठेवता येत नसे. शेजारीण दिवसभर बघायची, पण अंधार पडायच्या आत हौसाबाईंना घर गाठावं लागे. त्यासाठी राजूरहून वर जाणारी पाचची शेवटची गाडी हवी, आणि ती गाठायला संगमनेरहून तीनची जीप. हे सगळं मला कसं माहीत? नसीमने विचारलं होतं आणि मी ऐकत होतो.

त्या पावसाळ्यात हौसाबाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला काटा लागून जखम झाली. डॉक्टरांनी सोमवारी जखम साफ केली, औषध दिलं आणि बजावलं, “गुरुवारी यायचंच. साखरेच्या माणसाने पायाशी खेळू नये.” नसीमने वहीत गुरुवारच्या पानावर, बोलावलेल्यांसाठी तिसाच्या पुढे राखलेल्या ओळीत, आधीच नाव लिहून ठेवलं आणि पुढे पेन्सिलीने ‘रा ३, सासू’.

बुधवारी नसीम मावसबहिणीच्या लग्नाला श्रीरामपूरला गेली. वडीलही गेले, जीप दोन दिवस त्यांचे भागीदार सलीमभाई चालवणार होते. जाताना तिने मला सांगितलं, “काका, हौसामावशींना तीनच्या आत सोडा, बरं का. लई दुखतंय त्यांना.” मी बरं म्हणालो.

गुरुवारी गर्दी होती. पावसाचे ताप सुरू झाले होते. हौसाबाई नऊ चाळीसला आल्या, पायाला फडकं गुंडाळून. त्यांचा नंबर एकतिसावा होता. दोन वाजता आत तेवीस नंबर होता. त्या उठून खिडकीशी आल्या.

“सायेब, तीनची गाडी हाय मला.”

“नंबर येईल तेव्हा हाक मारतो.”

“पन ती पोरगी आत सोडती.”

“ती आज नाही,” मी म्हणालो.

त्यांनी फळीवर हात टेकला. मग म्हणाल्या, “आता तुमी हाय ना पन?”

“मी आहे म्हणूनच नंबराने जायचं.”

हे वाक्य मी जसं बोललो तसंच लिहिलं आहे. चोवीस आणि पंचवीस नंबरवाले दोघेही गावातले, चालत जाणारे. मी त्यांना ओळखत होतो. त्यांना एका शब्दाने थांबवता आलं असतं. नसीमने थांबवलंच असतं, म्हणून मी थांबवलं नाही. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

दोन पंचावन्नला आत सव्वीस नंबर होता. हौसाबाई उठल्या, चप्पल हातात घेतली, कारण फडक्यावरून ती बसत नव्हती. खिडकीशी येऊन म्हणाल्या, “जाते मी.” मी मान वर केली नाही. मान वर केली नाही म्हणजे ऐकलं नाही असं नव्हे.

तीन चाळीसला मी एकतीस नंबरची हाक मारली. दोनदा. कोणी उठलं नाही. उठणार नव्हतंच. शेऱ्याच्या रकान्यात ‘थांबून गेली’ लिहायला हवं होतं. तसं लिहिलं असतं तर शनिवारी नसीमने पान उघडताच विचारलं असतं, का गेली? डॉक्टरांनीही विचारलं असतं. मी लिहिलं, ‘आली नाही’. नावापुढची पेन्सिल पुसली. बावीस आणि अकरा मिळून तेहतीस वर्षांत मी अनेक चुका छापल्या आणि लिहिल्या. माहीत असून खोटं लिहिलं ते एवढंच.

शनिवारी नसीम आली, पान पाहिलं, म्हणाली, “आल्या न्हाईत व्हय मावशी?” आणि ‘थांबून गेला’वाल्यांची यादी घेऊन फोन करायला बसली. हौसाबाई त्या यादीत नव्हत्या. त्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, पण शेजारणीचा नंबर नसीमकडे होता. यादीत नाव असतं तर तो लागला असता.

वर भाताची आवणी, रोपं लावायची घाई, सुरू होती. अशा दिवसांत बाई घरात बसत नाही. हौसाबाई पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून चिखलात उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांनी नसीमच्या वडिलांनी त्यांना जीपच्या पुढच्या सीटवर बसवून आणलं. वास खिडकीपर्यंत आला होता. नसीमने नंबर न लावता त्यांना थेट आत नेलं. या वेळी मी नंबर विचारला नाही.

आतून डॉक्टरांचा आवाज चढला. “गुरुवारी यायचंच म्हणून सांगितलं होतं ना? का नाही आलात?”

“आल्ते की, डाक्तर.”

“कुलथे! वही आणा.”

मी वही घेऊन आत गेलो. हौसाबाई टेबलावर बसल्या होत्या, पाय लांब केलेला. अंगठा काळा पडला होता. नसीम त्यांच्या पाठीला हात लावून उभी होती. डॉक्टर म्हणाले, “वाचा.”

मी वाचलं. “एकतीस. हौसाबाई. आली नाही.”

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या आठवत होत्या. कपाळाला आठी घालून, खरोखर आठवत होत्या. मग म्हणाल्या, “आसंल मंग. लिवल्यालं खोटं कसं आसंल? दुसऱ्या कोंच्या दिवशी आल्ते आसन मी.”

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, बोलावूनही गुरुवारी आली नाही. मग नाशिकला पाठवायची चिठ्ठी लिहिली. तिथे अंगठा काढला.

नसीमने त्या दिवशी काही विचारलं नाही. तीन दिवसांनी दुपारी, खिडकी बंद झाल्यावर, तिने डबा उघडता उघडता म्हटलं, “काका, त्या गुरुवारी जीप सलीमभाई चालवत हुते. त्यांना विचारलं मी. म्हनले, मावशी माझ्या शेजारी बसल्या हुत्या. फडक्याला रक्त लागलेलं. येताना बी, जाताना बी.”

मी भाजीकडे पाहत होतो.

“चहावाल्याला बी विचारलं,” ती म्हणाली. “त्यानं त्यांना दुपारी पानी दिल्तं. हितंच, पायरीवर.”

दोन स्वतंत्र सूत्रांकडून खात्री. हे मी वार्ताहरांना घसा फोडून सांगत असे. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आधी लाज आली नाही. आधी आलं ते हे, की पोरीने काम चोख केलंय, आणि हे तिला कोणी शिकवलं?

“डॉक्टरांना सांगितलंस?” मी विचारलं.

“न्हाई. मी कशाला? तुमी सांगा.” तिने डब्यातली एक भाकरी माझ्याकडे सरकवली, रोज सरकवायची तशी. “तुमच्या अक्षरात हाय ते.”

मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. तिच्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटे. हातात बातमी असून ती न छापणं मला कधी जमलं नव्हतं. एक गोष्ट केली. पेन्सिलीच्या खुणा पुसणं थांबवलं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर गुडघ्यांचं कारण सांगून नोकरी सोडली. निरोपाला डॉक्टरांनी शाल दिली आणि चौदा नंबरची गोष्ट पुन्हा सांगितली. लोक हसले. नसीमही हसली, जरा उशिरा.

नोकरी सोडून आता दोन वर्षं होत आली. मधल्या काळात मी दवाखान्यात गेलो नाही. गुडघ्यांसाठी दुसरीकडे दाखवलं. यंदा पावसाळा संपता संपता ताप उतरेना म्हणून गेलो. खिडकीत नसीम होती. आता तिच्या हाताखाली आणखी एक मुलगी आहे.

“काका! किती वाळलात.” मग वही ओढून, खाली मान घालून, “परत कशानं जाणार?”

“चालत,” मी म्हणालो. “तुला माहीत आहे.”

“मग बसा निवांत. शेवटी घेते तुम्हाला.”

मी बाकावर बसलो. खिडकीची बाहेरची बाजू मी अकरा वर्षांत कधी बसून पाहिली नव्हती. तिथून आतल्या माणसाचं फक्त डोकं आणि लिहिणारा हात दिसतो. काय लिहितोय ते दिसत नाही.

थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी टेकलं. हौसाबाई. पायात पुरुषी रुंद चप्पल, हातात तांदळाचं गाठोडं. त्यांनी मला ओळखलं.

“आगं बया, सायेब! तुमी हिकडं बाकावर?”

“ताप आहे.”

“गवती चहा घ्या, आलं घालून. पानी लई बदललंय यंदा.” त्या पाय चोळत होत्या. मी विचारलं, कसा आहे पाय? “हाय की. चालाया काय न्हाई वाटत. आवनीला मातर पाय ठरत न्हाई चिखलात. अंगठ्यानंच तर धरतं मानूस. आता बांधावर बसून रोपाच्या जुड्या बांधते. आता नवी सून आलीया, ती लावती.” मग हसून म्हणाल्या, “आन् घरात समदे म्हनत्यात, म्हातारीला इसर पडलाय. पोरगं तर कायम. पैसं ठिवलं कुठं, तर म्हनतो, आये, तू दवाखान्यात गेल्ती का न्हाई त्ये तुला ठावं नव्हतं, पैशाचं काय सांगती! त्यानं कागद वाचलाय ना डाक्तरचा.”

“तुम्ही आला होता,” मी म्हणालो.

“आं?”

“त्या गुरुवारी. सकाळी आलात. तीनला पाच कमी असताना गेलात. जाते म्हणून मला सांगून गेलात. वहीत खोटं लिहिलं होतं. मी लिहिलं होतं.”

आतून कोणालातरी हाक गेली, तो माणूस उठून गेला, दार लागलं.

“नसीम म्हनली हुती मला,” त्या सावकाश म्हणाल्या. “मावशी, तुमी आल्या व्हत्या म्हनून. मला वाटलं, पोरगी जीव लावती, म्हनून म्हनत आसंल.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “मंग म्या येडी न्हाई तर.”

“नाही.”

“का लिवलं तसं?”

मी कारण सांगितलं. ते एका वाक्यात बसलं. त्यांना ते कळलं असं मला वाटलं, कारण त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“त्या लेकराचा हेवा?” त्या म्हणाल्या. “तुमी?” आणि गाठोडं मांडीवर घट्ट धरून, “डाक्तरला सांगा. कागदावर लिवाया लावा. माज्या पोराला वाचाया येतं.”

एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. त्यांची हाक आली तेव्हा त्या तांदळाचं गाठोडं घेऊन उठल्या आणि जाताना ते खिडकीत नसीमपुढे ठेवलं. मी ते पाहिलं. पाहिल्यावर जे वाटायचं ते पुन्हा वाटलं. तापातसुद्धा.

शेवटी खिडकीशी मी एकटा उरलो. नसीमला म्हणालो, “तीन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली वही हवी आहे. माळ्यावर असेल.”

ती उठली नाही. वाकून फळीखालचा खण उघडला आणि वही काढून समोर ठेवली. धूळ नव्हती. मध्ये पान दुमडलेलं होतं.

“पेन देऊ?” तिने विचारलं.

दैनिकात शुद्धिपत्र आतल्या पानावर, खाली, बारीक टायपात छापायची रीत आहे. चूक पहिल्या पानावरची असली तरी. मी ते त्याच ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे आत गेलो. पुढे डॉक्टर काय बोलले ते त्यांचं आणि माझं. केसपेपर मात्र त्यांनी माझ्यासमोर दुरुस्त केला आणि त्याची प्रत नसीमने पुढच्या गुरुवारी तीनच्या जीपने वर पाठवली. वहीतला मजकूर असा आहे:

‘नंबर एकतीस. हौसाबाई. या ओळीत पूर्वी “आली नाही” असे लिहिले होते. ते खोटे आहे. बाई सकाळी नऊ चाळीसला आल्या. पाच तास पंधरा मिनिटे थांबल्या. दुपारी दोन पंचावन्नला, सांगून, गेल्या.’